उदयनगरच्या वाटेवर सांडलेली मोहरी

आम्हा प्रोटेस्टंट ख्रिस्ती लोकांत समाधीला चालत जायची पद्धत नाही. आजोबा नगरहून गिरणीत कामाला इंदूरला आले, ते मिशनमधला बाप्तिस्मा, पेटी आणि भजनांची वही घेऊन. संत, समाध्या, नवस हे सगळं कॅथलिकांचं, असं घरात हसत हसत म्हटलं जायचं. त्यामुळे मी उदयनगरला, सिस्टर राणी मारियाच्या समाधीला, पायी जाणार म्हटल्यावर भाऊ म्हणाला, "ताई, पंथ बदललास की काय?" म्हटलं, "नाही रे, जरा पाय मोकळे करायचेत."

खरं कारण त्याला सांगण्यासारखं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी माझा डावा स्तन काढला. काखेतल्या गाठीही काढल्या, त्यामुळे संध्याकाळ झाली की डावा हात सुजतो. त्या हाताने वजन उचलायचं नाही, त्यावर रक्तदाब मोजून घ्यायचा नाही. ब्लाउजच्या आत मी कापडी गादी घालते, भाचीने शिवलेली. नुसता कापूस भरला तर ती हलकी होऊन वर सरकते, म्हणून वजनाला आत मोहरी. दुकानात मिळते ती महाग, आणि मला ती अंगावर परक्यासारखी वाटली. तेव्हापासून बसमध्ये, लग्नात, चर्चच्या बाकावर मी डावीकडे भिंत बघूनच बसते.

आणि एका वचनाचा मला राग होता. ऑपरेशननंतर भेटायला येणारा जो तो ते ऐकवायचा. बायबलमधलं कलस्सैकरांस पत्र, दुसरा अध्याय, दहावं वचन: ख्रिस्ताच्या ठायी तुम्ही पूर्ण झालेले आहात. सांगणाऱ्या बायका दोन्हीकडून शाबूत. मी मान डोलवायची, चहा टाकायला उठायची.

आम्ही सातजण निघालो. कुठल्या संस्थेची दिंडी नव्हे, आमच्या आमच्यात ठरलेलं. भाची, चर्चमधले चौघं, आणि शेजारच्या काकू. काकू निवृत्त गणिताच्या बाई, दोनदा आळंदी ते पंढरपूर चालून आलेल्या. "तुमचा देव मला चालेल," म्हणाल्या, "पण मोजे दोन जोड घ्या आणि नवी चप्पल घालू नका." पहिल्या तासाभरात म्होरक्या त्याच झाल्या.

जिच्याकडे जायचं होतं ती राणी मारिया, केरळची सिस्टर. १९९२ साली देवास जिल्ह्यातल्या उदयनगरला आली. आदिवासींना सावकाराच्या कर्जातून सोडवायचं, सरकारी योजना त्यांच्यापर्यंत न्यायच्या, हे तिचं काम. ज्यांना ते नडलं त्यांनी एका माणसाला पुढे केलं. २५ फेब्रुवारी १९९५ ला ती उदयनगरहून इंदूरला यायला बसमध्ये बसली आणि वाटेत जंगलात त्याने तिला भोसकलं. अंगावर ५४ जखमा. पुढे तुरुंगात जाऊन तिच्या धाकट्या बहिणीने त्याच माणसाला राखी बांधली. ४ नोव्हेंबर २०१७ ला इंदुरात कॅथलिक चर्चने राणी मारियाला धन्य घोषित केलं, म्हणजे संतपदाच्या अलीकडची पायरी. ती इंदूरला पोचली नाही, आम्ही उलटे तिच्याकडे निघालो होतो.

फेब्रुवारीतल्या माळव्याचं काय सांगावं! पहाटे शाल, अकरा वाजता घाम. गहू पिवळा पडायला लागलेला, कडेच्या पळसावर कुठे कुठे केशरी ठिपके. खुडैल मागे पडलं. कंपेलच्या अलीकडे माझ्या कंबरेत काहीतरी टोचायला लागलं. मुंग्या असतील म्हणून झटकलं तर हातात मोहरी. घामाने भिजून गादीची शिवण उसवली होती आणि मी डांबरी रस्त्यावर दाणे सांडत चालले होते. मागून भाची म्हणाली, "मावशी, अगं ही काय पेरणी करतेयस!" क्षणभर मला रडू येणार होतं. पण आलं हसू, तेही असं की काकूंना धरून उभं राहावं लागलं. मोहरीएवढ्या विश्वासावर आमच्याकडे किती प्रवचनं होतात, दाणे पायाखाली येतात तेव्हा कोणी नसतं.

गादी झोळीत टाकली. शाल छातीवरून घेतली. दुपारी उकडलं तेव्हा शालही काढली.

मुक्काम कंपेलला. इंदूर मोठं होण्याआधी परगण्याची कचेरी या गावात होती, आता तिथे कोणाला त्याचं काही नाही. रात्री काकू माझ्या टाचेच्या फोडातून सुईदोरा ओवत होत्या, वारकरी करतात तसं. मी त्या वचनाचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "आम्हालाही लहानपणी पाठ करून घ्यायचे. पूर्णातून पूर्ण काढलं तरी पूर्णच उरतं. तीस वर्षं वजाबाकी शिकवली मी, मला काही ते पटलं नाही."

मलाही नाही. पण झोप येईना, म्हणून भाचीच्या मोबाइलवर तो अध्याय पहिल्यापासून वाचला. कलस्सैच्या लोकांना कोणीतरी सांगत होतं की एवढ्याने भागत नाही, अमुक खाऊ नका, तमुक सण पाळा, देवदूतांची भक्ती करा. पत्र लिहिणारा प्रेषित पौल त्यांना सांगतोय, कशाची भर नको. आणि तो 'व्हाल' म्हणत नाही, 'झालेले आहात' म्हणतो. वाक्यात आधी 'त्याच्या ठायी' आहे, ते मी दोन वर्षं गाळून वाचत होते. माझ्या अंगाचा हिशेब त्यात कोणी मांडलेलाच नव्हता. शिवाय हे लिहिणारा पौल स्वतः शरीरात काटा घेऊन जगला. काढ म्हणून तीनदा विनवलं, प्रभूने काढला नाही. भेटायला येणाऱ्यांनी हे आधी सांगितलं असतं तर मी चहा जरा मनापासून केला असता.

तिसऱ्या दिवशी समाधीपाशी पोचलो. घरून ठरवून आले होते की म्हणायचं, मला पूर्ण कर. शब्द आलेच नाहीत. डोळ्यांपुढे थोमा येत राहिला, व्रण पाहिल्याशिवाय विश्वास न ठेवणारा येशूचा शिष्य. येशू मेलेल्यांतून उठला, नवं शरीर घेऊन आला, तरी हातांतले खिळ्यांचे व्रण तसेच, कुशीही भोसकलेली. बुजवून येता आलं असतं त्याला. तो थोमाला म्हणाला, तुझा हात माझ्या कुशीत घाल. मी माझा हात डावीकडे, शिवणीवर ठेवला. भर माणसांत, साडीवरूनच. मग काकूंनी, कोणाला न विचारता, समाधीपुढे दोन्ही हात जोडून वाकून नमस्कार केला. आमच्यातले दोघं अवघडले, मला बरं वाटलं.

परत बसने आलो, तिच्याच रस्त्याने. चढताना नेहमीच्या सवयीने डावी बाजू खिडकीला लागेल अशी जागा शोधली, पण तिथे आधीच कोणी बसलेलं. काकू माझ्या डावीकडे बसल्या. दाणे कुठे सांडले ते शोधत मी बाहेर बघत होते, जागा काही ओळखू आली नाही. कंपेलनंतर काकूंना झोप लागली आणि त्यांचं डोकं घरंगळत माझ्या खांद्यावर, तिथून सपाट छातीवर आलं. हात दुखायला लागला होता. खुडैलच्या पुढे आल्यावर मी तो जरासा सोडवून घेतला, डोकं तसंच राहू दिलं.