भुसारी दुकानातून दिसणारे शेअर

"हिंदुस्तान युनिलिव्हर विकायचा नसतो वहिनी, तो मुलांच्या नावावर करायचा असतो," असे सर म्हणतात. लगेच माझा भाचा म्हणतो, "सर, 2000 साली ज्यांनी घेतला त्यांना एकदा विचारून बघा."

आमचे गोव्यात, डिचोलीत भुसारी दुकान आहे. दुपारी एकला शटर अर्धे खाली येते ते चारला वर जाते. शेअर बाजार साडेतीनला बंद होतो, त्यामुळे त्याचे शेवटचे दोन-अडीच तास आम्हाला मोकळे मिळतात. सर निवृत्त मुख्याध्यापक, भाचा पणजीत हिशेबनिसाच्या कामाला, आणि तिसरे आमचे खाणीवर ट्रक चालवलेले शेजारी. तांदळाच्या पोत्यांजवळ दोन खुर्च्या आणि एक स्टूल एवढीच आमची बैठक. वाद जवळजवळ नेहमी दुकानातला माल बनवणाऱ्या कंपन्यांवरूनच होतो, कारण ज्या वस्तू रोज हातात येतात त्यांचे शेअर माणसाला आपले वाटतात. मीही गेली काही वर्षे थोडे थोडे घेते. या वादात माझी बाजू ना सरांची आहे ना भाच्याची, आणि ती नीट मांडावी असे बरेच दिवस मनात होते.

आधी सरांची बाजू. त्यांचे वडील मुंबईत नोकरीला होते. 1973 च्या फेरा, म्हणजे परकीय चलनाच्या कायद्यामुळे बहुतेक परदेशी कंपन्यांना इथल्या कंपनीतला आपला हिस्सा 40 टक्क्यांवर आणावा लागला, आणि त्या काळात बऱ्याच कंपन्यांचे शेअर सामान्य माणसाला स्वस्तात मिळाले. कोलगेट 1978 मध्ये असाच बाजारात आला. सरांच्या वडिलांनी तेव्हा घेतलेले शेअर पुढे फुकट मिळालेल्या बोनस शेअरांनी वाढत गेले आणि आज त्यांचा लाभांश सरांच्या पेन्शनला हातभार लावतो. कुंडईवरून जाताना कोलगेटचा कारखाना दिसला की सर घरच्या माणसासारखे तिकडे बघतात. ही नुसती भावना नव्हे. पंचेचाळीस वर्षांहून जास्त काळ ज्याने पैसे दिले त्यावर माणसाने विश्वास का ठेवू नये?

पण भाचाही खोटे बोलत नाही. हिंदुस्तान युनिलिव्हर, तेव्हाचा हिंदुस्तान लिव्हर, 2000 ते 2010 या दहा वर्षांत साधारण एकाच भावाभोवती घोटाळत राहिला. मार्च 2004 मध्ये प्रॉक्टर अँड गॅम्बलने एरियल आणि टाइडचे भाव एकदम उतरवले, मग लिव्हरलाही सर्फचे उतरवावे लागले. त्या काळात सर्फ घराघरात पोचलेला होता, नाव कुठेही कमी झाले नव्हते. शेअर मात्र हलला नाही. पुढच्या दहा वर्षांत तोच शेअर कितीतरी पटींनी वाढला, 2021 मध्ये 2,800 पार गेला, सप्टेंबर 2024 मध्ये 3,000 च्या वर टेकला आणि मार्च 2025 मध्ये 2,200 च्या आसपास आला. म्हणजे कंपनी चांगली आहे का, या प्रश्नाचे उत्तर "हो" आले तरी आज घ्यावा का, हा प्रश्न तसाच उभा राहतो. वर्षाच्या नफ्याच्या पन्नास-साठ पट भाव मोजायचा असेल तर नफा वाढायलाच हवा, आणि तोही खऱ्या विक्रीतून.

खरी विक्री म्हणजे काय, इथे माझे दोघांशीही जुळत नाही. सर कंपनीचे नाव बघतात, भाचा मोबाईलवर विक्रीचे रुपये आणि नफ्याचे टक्के बघतो. मी बघते माल किती गेला ते.

2022 च्या सुरुवातीला पामतेल भडकले. एप्रिलअखेर इंडोनेशियाने निर्यातच थांबवली, ती मे महिन्यात सुरू झाली. साबण, बिस्किटे, फरसाण, सगळ्यालाच त्याची झळ लागली. पाच आणि दहा रुपयांच्या वस्तूंचा भाव कंपन्यांना वाढवता येत नाही, कारण गिऱ्हाईक हातात नाणे घेऊनच येते. मग वजन उतरते. दहा रुपयांचा विम बार 155 ग्रॅमचा होता, तो 135 ग्रॅमचा झाला. हिशेब करून बघा: छापील भाव तोच, पण ग्रॅममागे जवळजवळ पंधरा टक्के वाढ. माझ्या वहीत बार तेवढेच खपलेले दिसतात, कंपनीच्या खात्यात रुपयेही तेवढेच येतात, आणि भांडी घासायला घरात गेलेला माल मात्र तेरा टक्क्यांनी कमी. त्याच सुमाराला, जानेवारी ते मार्च 2022 च्या तिमाहीत, हिंदुस्तान युनिलिव्हरची विक्री रुपयांत सुमारे दहा टक्के वाढली आणि मालाचे प्रमाण जागच्या जागी राहिले. भाच्याने दहा टक्के वाचले आणि खूश झाला. मला मालवाढीचे शून्य जास्त बोलके वाटले.

नारळाचे उदाहरण तर गोव्यातल्या माणसाला समजावूनही सांगायला नको. पाडेली, म्हणजे नारळ पाडणारा, मिळत नाही, माकडे कोवळे नारळ पाडतात, आणि 2025 मध्ये चांगला नारळ पन्नास रुपयांच्या वर गेला. तेव्हा खोबऱ्याचे भावही देशभर चढले होते आणि मॅरिको कंपनीला आपल्या पॅराशूट खोबरेल तेलाचे भाव पुन्हा पुन्हा वाढवावे लागले. आमच्या एक गिऱ्हाईक बाई अर्ध्या लिटरची बाटली न्यायच्या. पावसाळ्यात एकदा त्यांनी ती हातात घेतली, उलटी करून मागचा छाप वाचला, फळीवर परत ठेवली आणि लहान बाटली उचलली. त्यांनी नाव बदलले नाही, आकार बदलला. सर म्हणाले, बघा, ही नावाची ताकद. खरेच होती. एप्रिल ते जून 2025 च्या तिमाहीत मॅरिकोची विक्री वीस टक्क्यांहून जास्त वाढली, पण पॅराशूटचे प्रमाण किंचित घटले होते. एवढी भाववाढ होऊनही प्रमाण किंचितच घटते, हे त्या कंपनीच्या बाजूने मोठे लक्षण आहे. पण विक्रीतला तो वीस टक्क्यांचा आकडा दरवर्षी येईल असे धरून जो शेअर घेईल, त्याने खोबरे उतरल्यावर काय होते तेही ध्यानात घ्यावे. खोबरे उतरले की भाव उतरवावा लागतो, आणि मग माल जास्त खपूनही रुपये वाढलेले दिसत नाहीत.

ट्रकवाले शेजारी कमी बोलतात, पण त्यांचा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. 2012 मध्ये खाणी बंद झाल्या, नंतर सुरू झाल्या आणि मार्च 2018 मध्ये पुन्हा बंद झाल्या, तेव्हा या तालुक्यात किलोचे पुडे नेणारी घरे पाव किलोवर आली. "वहिनी, तुमच्या दुकानात मंदी होती तेव्हा तुमच्या कंपन्यांच्या निकालात काही दिसले का?" असे ते विचारतात. नाही दिसले. डिचोलीचा बाजार म्हणजे देश नव्हे. माझ्या फळीवरून मला दोन गोष्टी पक्क्या कळतात: एकाच्या जागी दुसरी वस्तू लोक घेतात का, आणि मोठ्या पुड्यावरून लहान पुड्यावर उतरतात का. कंपनीचा एकूण नफा त्यावरून कळत नाही, आणि तसा दावा कुणी करू नये.

नावाची ताकद पाहायची तर मॅगी. आमच्याच तालुक्यातला माउळिंग्याचा नेस्लेचा कारखाना देशात तेव्हा मॅगी बनवणाऱ्या पाच कारखान्यांपैकी एक. जून 2015 मध्ये शिशाच्या कारणावरून मॅगीवर देशभर बंदी आली. त्या कारखान्यावर पोट असलेली कितीतरी घरे आमची गिऱ्हाइके, त्यामुळे ती बातमी आमच्याकडे वर्तमानपत्रातली राहिलीच नाही. त्या तिमाहीत नेस्ले इंडियाने 64 कोटींचा तोटा दाखवला. 13 ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाने बंदी रद्द केली आणि नोव्हेंबरात माल पुन्हा बाजारात आला. मधल्या काळात मुलांनी दुसऱ्या शेवया खाल्ल्या, आणि मॅगी आल्यावर बहुतेक परत तिच्याकडे आली. त्यावेळी विकून बाहेर पडलेल्यांना भाचा नावे ठेवतो, ते मला पटत नाही. निकाल काय लागेल हे जूनमध्ये कुणाला ठाऊक होते? धीर धरणारे शेवटी बरोबर ठरले, पण त्या धीराला न्यायालयाचा निकाल आणि प्रयोगशाळेतला अहवाल यांचा आधार नंतर मिळाला.

नेस्लेचीच आणखी एक गोष्ट आहे, तिच्याबद्दल आमच्यासारखे लहान भागधारक फार कमी बोलतात. 2024 मध्ये मूळ परदेशी कंपनीला द्यायचे मानधन, म्हणजे रॉयल्टी, 4.5 टक्क्यांवरून हळूहळू 5.25 टक्क्यांवर न्यायचा ठराव आला. हे टक्के विक्रीवरचे, नफ्यावरचे नव्हेत. अशा ठरावात प्रवर्तकाची, म्हणजे इथे त्या मूळ कंपनीची, मते धरली जात नाहीत, निर्णय बाकीच्यांचा. मे महिन्यात 57 टक्क्यांहून अधिक मते विरोधात पडली आणि ठराव फेटाळला गेला. मीही मोबाईलवरून विरोधात मत दिले होते. माझ्या मूठभर शेअरांनी पारडे झुकले नाही, मोठ्या संस्थांनी झुकवले. तरी ई-मतदानाचा ई-मेल न उघडता टाकून देणाऱ्यांनी चांगल्या कंपनीच्या गप्पा मारू नयेत असे मला मनापासून वाटते.

आता दुकानात आणि वितरकांकडे साठणारा माल. मार्चअखेर आला की सेल्समनचा आवाज बदलतो. एका कंपनीचा माणूस मला दरवर्षी विनवतो, "वहिनी, चार पेट्या जास्त घ्या, एप्रिलमध्ये बघू." मी घेतल्या की वितरक तेवढ्या कंपनीकडून उचलतो; कंपनीच्या खात्यात ती विक्री, आणि माझ्या पोटमाळ्यावर तो साठा. गिऱ्हाइकाने अजून एकही पुडा नेलेला नसतो. हा साठा एक ना एक दिवस हिशेबात येतोच. मामाअर्थ नावाने शाम्पू, क्रीम विकणाऱ्या होनासा कंपनीने जुलै ते सप्टेंबर 2024 च्या तिमाहीत वितरणाची घडी बदलताना साठा दुरुस्त केला, तोटा दाखवला, आणि निकालानंतरच्या पहिल्याच दिवशी शेअर 20 टक्के कोसळला.

उलटेही होते. 3 सप्टेंबर 2025 ला साबण, शाम्पू, टूथपेस्ट, बिस्किटे यांवरचा जीएसटी 5 टक्के होणार असे जाहीर झाले आणि दर लागू होणार होते 22 तारखेला. गणपतीची चवथ नुकतीच झालेली, दसरा तोंडावर, आणि मधले तीन आठवडे कुणी मालच उचलेना. जुन्या भावाचा माल घेऊन बसायचे कुणी? मीही अडलेल्या वस्तू सोडून काही मागवले नाही. ऑक्टोबरमध्ये कंपन्यांचे निकाल थंड आले तेव्हा भाचा म्हणाला, "मामी, लोकांनी खर्चच थांबवला." लोकांनी नाही, आम्ही दुकानदारांनी थांबवला होता. अशी एक तिमाही वाचून शेअर विकणे चूक, आणि पुढच्या तिमाहीत फळ्या भरल्या म्हणून वाढलेला आकडा बघून घेणेही चूक. दोन्ही एकत्र धरून, मागच्या वर्षाच्या त्याच सहा महिन्यांशी ताडून बघावे.

सध्या दुपारचा विषय आइस्क्रीम आहे. हिंदुस्तान युनिलिव्हरने क्वालिटी वॉल्स वेगळी केली, 5 डिसेंबर 2025 ही नोंद तारीख होती, आणि त्या दिवशी ज्यांच्या नावावर शेअर होते त्यांना एका शेअरमागे नव्या कंपनीचा एक शेअर मिळाला. सर म्हणतात घरात आलेले पोर आहे, ठेवायचे. भाचा म्हणतो विका आणि मोकळे व्हा. मला आधी फ्रीझरचे गणित कळायला हवे. माझ्या दुकानात एकाच फ्रीझरला जागा आहे, त्यासाठी वीजबिल मी भरते, आणि ज्या कंपनीचा फ्रीझर तिचाच माल त्यात. पावसाचे चार महिने तो जवळजवळ नुसता चालतो. त्यांचा वार्षिक अहवाल आला की फ्रीझर किती बसवले आणि माल किती गेला, एवढे दोन आकडे मी त्यात शोधणार आहे. सर तोवर विकणार नाहीत, आणि भाच्याचे तर अजूनही म्हणणे आहे की अहवाल येईपर्यंत भाव निघून जाईल.