टाकीत उतरण्याचा दिवस

आमच्या पेलेट्रॉनच्या, म्हणजे अणूंना प्रचंड वेग देणाऱ्या यंत्राच्या, टाकीत उतरण्याआधी दारावरच्या वहीत सगळं लिहून द्यावं लागतं. नट-बोल्टचे किती पाने, किती स्क्रू-ड्रायव्हर, टॉर्च. जेवढं आत गेलं तेवढं बाहेर आलं पाहिजे. मी घड्याळ, बांगड्या, मंगळसूत्र काढून डब्यात ठेवलं आणि निघाले, तर काका म्हणाले, "केसांतल्या पिना?"

काका आमचे सगळ्यांत जुने तंत्रज्ञ. एरवी खांद्यावर पंचा असल्याशिवाय न दिसणारा माणूस, पण त्या दिवशी पंचा बाहेर. त्याचे धागे सुटतात.

कुलाब्याला, नेव्हीनगरच्या टोकाशी, टीआयएफआरच्या (टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या) आवारात आमचं पेलेट्रॉन आहे. बीएआरसी (भाभा अणुसंशोधन केंद्र) आणि टीआयएफआरचं हे संयुक्त यंत्र १९८८च्या अखेरीस सुरू झालं. उभी पोलादी टाकी आणि तिच्या मध्यावर टर्मिनल, म्हणजे विद्युतभार साठवणारा भाग; त्यावर १ कोटी ४० लाख व्होल्टपर्यंत विद्युतदाब चढवता येतो. वरून ऋण आयन, म्हणजे ऋण विद्युतभार असलेले अणू, सोडायचे, धन टर्मिनल त्यांना ओढून घेतं. तिथे कार्बनच्या अतिपातळ फॉइलमधून जाताना त्यांचे इलेक्ट्रॉन झडतात, आयन धन होतात आणि तेच टर्मिनल आता त्यांना खाली ढकलतं. एका दाबाचा दोनदा फायदा. लिथियमचे तिन्ही इलेक्ट्रॉन गेले तर १ कोटी व्होल्टवर टर्मिनलकडे येताना १ कोटी आणि पुढे जाताना ३ कोटी, अशी ४ कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा हातात येते.

हा विद्युतदाब चढवते साखळी. पोलादी नळकांडी, म्हणजे पेलेट, नायलॉनच्या दुव्यांनी जोडलेली. विहिरीवरचा रहाट पाणी चढवतो तशी ती विद्युतभार वर नेऊन सोडते आणि फिरत राहते. जुन्या व्हॅन डी ग्राफ यंत्रांत या कामाला पट्टा असायचा. तो घासला जाऊन धूळ सुटे, आणि धूळ म्हणजे ठिणगीला आमंत्रण. पेलेट्रॉनमध्ये तो त्रास खूप कमी, तरी साखळी तपासावी लागतेच.

टाकी उघडणं हे काही झाकण काढण्याइतकं सोपं नाही. आत सल्फर हेक्झाफ्लोराइड वायू दाबाने भरलेला असतो, त्याच्यामुळेच एवढा व्होल्टेज टिकतो. तो हवेत सोडायची सोय नाही, कारण हरितगृह वायू म्हणून तो कार्बन डायऑक्साइडच्या २० हजार पटींहून जहाल आहे. आधी तो साठवणीच्या टाक्यांत ओढून घ्यायचा, मग हवा खेळवायची. हवेच्या पाचपट जड असल्यामुळे तो तळाशी बसतो. विषारी नसला तरी तिथे श्वासाला ऑक्सिजन मिळत नाही. त्यामुळे ऑक्सिजनचा मीटर आधी तळाशी. त्याने २०.९ टक्के दाखवल्यावरच आम्ही आत गेलो.

आत उकडत होतं. मुंबईचा दमटपणा टाकीत शिरू नये म्हणून कोरडी हवा सोडतात, पण तिला गारवा नसतो. काकांनी साखळी हाताने सावकाश फिरवायला घेतली. प्रत्येक पेलेट, प्रत्येक दुवा. घाम पुसायचा तोही धागा न सुटणाऱ्या खास कापडाने. एका जागी ते थांबले, थोडे मागे आले, पुन्हा पुढे.

"हा दुवा बघ."

मी टॉर्च मारला. मला काहीच दिसेना.

"वाकवून बघ. शेजारच्यापेक्षा जास्त हलतोय."

खरं सांगायचं तर 'अनुभवी हात' या शब्दाखाली मोजमाप टाळायची जी सवय असते ती मला पटत नाही. मी गेज, म्हणजे झीज मोजायचं साधन, मागितला. काका रागावतील असं वाटलं होतं, तर ते बाजूला सरकले. "लाव, लाव. वहीत आकडा लागतोच." दुवा झिजलेला होता. अगदी थोडा, पण गेजवर दिसण्याइतका. मग बाकीचे दुवे आम्ही दोन्ही पद्धतींनी तपासले, आधी त्यांचा हात, मग माझा गेज. जेवणाची वेळ टळली.

दुवा बदलला, टाकी बंद झाली, वायू परत भरला. पुढचे काही दिवस कंडिशनिंग. व्होल्टेज एकदम चढवत नाहीत. थोडं वाढवायचं, स्थिर होऊ द्यायचं, क्ष-किरणांचा मॉनिटर बघायचा, मग पुन्हा थोडं. हे कंटाळवाणं काम मला आवडतं. कधी मध्येच टाकीत धप्प आवाज होतो, टर्मिनलचा आकडा कोसळतो आणि जिना पुन्हा खालून चढायचा.

बीमची, म्हणजे वेगवान आयनांच्या झोताची, वाट बघत होती पीएचडीची एक विद्यार्थिनी. लिथियम-७ चा केंद्रक सैल बांधणीचा असतो, साधारण २५ लाख इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये त्याचे दोन तुकडे होतात, अल्फा (हेलियमचा केंद्रक) आणि ट्रायटॉन (जड हायड्रोजनचा, ट्रिटियमचा केंद्रक). बिस्मथवर तो आदळताना आधी फुटतो की सबंध गिळला जातो, आणि किती वेळा, हे तिला मोजायचं होतं. दोन्ही केंद्रक धन, एकमेकांना ढकलणारे, म्हणून जवळ आणायला ३ कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास ऊर्जा लागते. लिथियमला चौपट ऊर्जा मिळते, म्हणून ७५ लाख व्होल्ट पुरे होते. त्या रात्री तेवढे मिळाले, बीम स्थिर राहिला आणि तिचे डिटेक्टर पहाटेपर्यंत मोजत राहिले.

सकाळी तिचा फोन आला. "मॅडम, अजून ५ लाख वाढवता येतील का? आलेखावर अजून एक बिंदू हवाय."

मी काकांकडे पाहिलं. ते डबा उघडत होते. "सांग तिला," ते म्हणाले, "दुपारनंतर."