काकांचं घड्याळ

बाल्टिक क्रूझची आखणी मी उलटीकडून करतो. आधी बोटीवर चढायची शेवटची वेळ, मग परतीचा रस्ता, वर राखीव तास-दीड तास. उरलेल्या वेळात बसतील तेवढी स्थळं. आमच्या ग्रुपला हा कंजूसपणा वाटतो. आदल्या दिवशी स्टॉकहोमला त्यावरून वाजलंच होतं. आमची बोट नीनेसहाम्नला लागली, शहर तिथून साठ किलोमीटर. बसमध्ये जाता-येता दोन तास गेले. 1628 साली पहिल्याच सफरीत बुडालेलं वासा जहाज आणि गाम्ला स्तान या जुन्या भागातल्या गल्ल्या, एवढंच जमलं. सिटी हॉल राहिला तो राहिलाच.

एस्टोनियातल्या टॅलिनला मात्र मी निर्धास्त होतो. धक्क्यापासून जुनं गाव पायी वीस-पंचवीस मिनिटं. सकाळी टूम्पेआ टेकडी चढलो, कोहतुओत्साच्या कठड्यावरून लाल कौलं पाहिली, जेवण झालं आणि मी सगळ्यांना मोकळं सोडलं. तीनला विरू दरवाजाच्या दोन बुरुजांपाशी जमायचं, साडेचारच्या आत बोटीवर.

तीन वीसला मोजणी केली. चौतिसातले तेहतीस. सांगलीचे काका नव्हते. फोन लावला, तर तो काकूंच्याच पर्समध्ये वाजला.

आमच्यासारख्या बाहेरून बुकिंग केलेल्या ग्रुपसाठी बोट थांबत नाही. थांबलीच तर स्वतःच्या सहलींसाठी. राहिलेल्याने पुढचं बंदर आपल्या खर्चाने गाठायचं. इथून हेलसिंकी फेरीने दोन-अडीच तासांवर, हाच काय तो दिलासा. ग्रुपला स्थानिक गाइडबरोबर पुढे पाठवलं आणि मी मागे पळालो.

कुठे शोधायचं ते काकूंनीच सांगितलं होतं. "औषधाच्या दुकानात बघा. चाळीस वर्षं मेडिकल चालवलंय त्यांनी." टाउन हॉलसमोरच्या चौकात 1422 पासून नोंद असलेलं औषधांचं दुकान आहे, आजही चालू. आत एका भागात जुन्या बरण्या मांडल्यात. पूर्वी तिथे जळक्या मधमाश्या आणि वटवाघळाची पूडही औषध म्हणून विकायचे म्हणे. पण काका आत नव्हते.

होते बाहेर, बाकावर, मांडीवर भडंगाची पुडी.

"बसा की! अजून पंचवीस मिनिटं आहेत." मनगट माझ्यापुढे धरलं. चावीचं जुनं घड्याळ, दोन पस्तीस. माझ्या फोनवर तीन पस्तीस.

स्वीडनहून एस्टोनियाला येताना घड्याळ तासभर पुढे करावं लागतं. तशी चिठ्ठी रात्री केबिनमध्ये ठेवली होती, मीही जेवताना ओरडून सांगितलं होतं. फोनवाल्यांचे फोन आपोआप बदलले. चावीचं घड्याळ कोण बदलणार? एकेकाचं मनगट बघायला हवं होतं, ती चूक माझी. काकांचं घड्याळ तिथेच तासभर पुढे करून घेतलं.

काकांनी वाटेत दुकानदारी सोडली नाही. "कपाटं बघितली का? एकावरही धूळ नाही." मी फक्त "भराभर चला" म्हणत होतो. चार दहाला गँगवेवर, म्हणजे बोटीवर चढायच्या पुलापाशी पोचलो. काकू एक अक्षर बोलल्या नाहीत. त्यांनी पुडी मात्र काढून घेतली.

दुसऱ्या दिवशी हेलसिंकी. वेळ तीच, घड्याळाला हात लावायचं कारण नाही. पहाटे सहाला चहा घ्यायला गेलो, तर काका कानटोपी घालून एकटेच उतरायच्या दारापाशी उभे.

"कुठं आहेत सगळे? सात वाजले की! रात्री आठवणीनं तासभर पुढं केलं मी."