तुम्ही विचारलंत म्हणून: घरात तोफेच्या पुंगळ्या कशाला?

नगरची आत्या विचारते, ऑफिसातले विचारतात, गणपतीला घरी आलेली मंडळी तर दरवर्षी विचारतात: माणसं मारायच्या वस्तू घरात मांडून तुला मिळतं काय? आजवर ‘असते एकेकाची आवड’ म्हणून मी चहा टाकायला उठायचे. आता तुम्ही विचारलंतच आहे, तर नीट सांगते.

माझ्याकडे आहेत त्या दोन्ही महायुद्धांतल्या रणगाडाविरोधी तोफांच्या रिकाम्या पुंगळ्या, म्हणजे गोळ्यामागे दारू भरायची धातूची नळकांडी. आत दारू नाही, ती पेटवणारा प्रायमर काढलेला. हे प्रत्येक वेळी सांगावं लागतं आणि ऐकणारा मान डोलावता डोलावता एक पाऊल मागे सरकतो.

मी धातुशास्त्र शिकलेली बाई. पुंगळी हातात आली की आधी उलटी करून बूड बघते, कारण सगळा मजकूर तिथेच ठोकलेला असतो: साल, कारखाना, नमुना. जर्मनांच्या ७५ मिलिमीटर पाक ४० तोफेची पुंगळी घ्या. लांबी जवळजवळ ७१ सेंटिमीटर. बुडावर ६३४० हा आकडा आणि त्यापुढे ‘एसटी’, म्हणजे पोलाद. पुंगळी खरं तर पितळेची हवी. बार उडाला की ती फुगून तोफेच्या भिंतीला घट्ट बसते, आणि लगेच आकसून सुटीही व्हावी लागते. नाही सुटली तर पुढचा गोळा भरणार कसा? पितळ हे सहज करतं. पण पितळेला तांबं लागतं आणि जर्मनीकडे ते पुरेसं नव्हतं. म्हणून त्यांनी पोलादाचा पत्रा ओढून ओढून, तो फाटू न देता, एवढी लांब पुंगळी काढली आणि गंजू नये म्हणून वर लॅकर, म्हणजे रोगण, चढवलं. माझ्याकडच्या पुंगळीवर ते लॅकर अजून आहे, काळपट हिरवं, तोंडाशी जळून तपकिरी झालेलं. एका देशाची तांब्याची टंचाई मला त्यात बोटाने चाचपता येते. कुठल्याही पुस्तकाने मला ती इतकी समजावलेली नाही.

टंगस्टन या अतिशय कठीण धातूचंही तेच. जर्मनांची एक छोटी तोफ होती, मागे २८ मिलिमीटर आणि तोंडाशी २० मिलिमीटर अशी निमुळत्या नळीची. नळीतून जाताना गोळा आवळला जाई, प्रचंड वेगाने सुटे, आणि आतला टंगस्टन कार्बाइडचा गाभा चिलखत भेदे. पण कारखान्यातल्या लेथच्या हत्यारांच्या टोकांनाही हाच माल लागतो. तोफेला द्यावा की लेथला? १९४३ मध्ये त्या तोफेचं उत्पादन थांबलं.

आणि ब्रिटिशांची टू पाउंडर, म्हणजे दोन पौंडी गोळ्याची तोफ, ४० मिलिमीटरची. हिच्याबद्दल मी जरा जास्त बोलते, कारण आपली माणसं हिच्याजवळ उभी होती. १९४० साली फ्रान्समधल्या डंकर्कहून माघार घेताना ब्रिटिशांच्या शेकडो तोफा मागे राहिल्या. हिच्याहून दणकट अशा सिक्स पाउंडरचा आराखडा तोवर तयार होता. पण यंत्रं बदलायची म्हणजे मधले कित्येक महिने हातात काहीच नाही, म्हणून जुनीच काढत राहिले. उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात या तोफेवरच्या लोकांना मुख्यतः ठोस गोळेच मिळत, फुटणारे नाहीत. म्हणजे दूर वाळूत दडलेल्या जर्मन तोफेवर मारा करायचा तर तो गोळा जवळजवळ निरुपयोगी. २० जून १९४२ ला लिबियातल्या टोब्रुकच्या आग्नेय बाजूला जर्मनांचा हल्ला झाला तेव्हा समोर पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची दुसरी पलटण होती. तोवर सिक्स पाउंडर येऊ लागल्या होत्या, पण थोड्या. दुसऱ्या दिवशी टोब्रुक पडलं आणि सुमारे ३३,००० सैनिक कैदेत गेले. माझ्या कपाटातली १९४१ ची पुंगळी तिथली आहे असा माझा दावा नाही. एवढंच म्हणते की कचेरीत कुणीतरी घेतलेल्या एका निर्णयाचं साल तिच्या बुडावर आहे, आणि त्याची किंमत गाव सोडून तिथे गेलेल्या पोरांनी मोजली.

हे सगळं मी पूर्वीही सांगायचे. मग ती पाक ४० ची पुंगळी इथे, इंग्लंडमधल्या शेफील्डच्या आमच्या घरी आली.

कुरिअरवाल्याने खोकं शेजारी ठेवलं. ते एका कोपऱ्यात फाटलेलं होतं आणि त्यातून बूड दिसत होतं. मी कामावरून परतले तर गल्लीच्या तोंडाशी पोलिसांची पट्टी, आणि दोन्ही बाजूंची घरं रिकामी केलेली. म्हातारी माणसं चपला घालून फुटपाथवर उभी. मी पुढे होऊन म्हटलं, ते माझं आहे, रिकामं आहे, पावती दाखवते. मला गाडीत बसवलं. पावती बघितली, फोन बघितला. मग विचारलं, तू मूळची कुठली? मी शेफील्ड म्हटलं. नाही, मूळची? अहमदनगर म्हटलं. घरी कोण कोण येतं, देशाबाहेर पैसे पाठवतेस का, कुठे प्रार्थनेला जातेस का. त्या खोक्याबद्दल, धातूबद्दल, सालाबद्दल एकही प्रश्न नाही. तेवढ्यात नवरा मुलीला शाळेतून घेऊन आला. तिने मला पोलिसांच्या गाडीत बघितलं. आठ वर्षांची होती. तिच्या वर्गातली दोन मुलंही आयांचा हात धरून तिथेच उभी होती.

लष्कराचं बॉम्बनाशक पथक आलं. त्यातल्या एकाने खोकं उघडलं, पुंगळी उचलून आत टॉर्च मारला, मग उलटी केली आणि प्रायमरच्या भोकातून आरपार बघितलं. नंतर तो अंगठ्याने तो आकडा चाचपत राहिला, मी चाचपते तसाच. गाडीपाशी येऊन म्हणाला, “पोलादी आहे. लॅकर चांगलं टिकलंय. जपून ठेवा.” त्या अख्ख्या संध्याकाळी माझ्याशी माझ्या भाषेत बोललेला तो एकटा माणूस.

फोन केला म्हणून शेजारणीवर माझा राग नाही, आणि हे मी तिला सांगितलंय. फ्रान्स-बेल्जियमच्या शेतांत आजही नांगराला पहिल्या महायुद्धातले जिवंत गोळे लागतात. ओळखता येत नसेल तर हात लावू नये, फोनच करावा. तिच्या जागी मीही केला असता. राग आहे तो त्या ‘मूळची कुठली’चा. माझ्या जागी एखादा गोरा निवृत्त मास्तर असता तर त्यालाही गाडीत बसवलं असतं का? कधी वाटतं, हो, नियमच आहे. कधी वाटतं, मुळीच नाही. त्यानंतर कितीतरी महिने मुलीला कुणी वाढदिवसाला बोलावलं नाही, आणि आत्या फोनवर म्हणाली, “आम्ही सांगत नव्हतो?”

याच शेफील्डमध्ये हॅडफील्ड कंपनीचा ईस्ट हेक्ला कारखाना चिलखतभेदी गोळे बनवायचा. आज तिथे मेडोहॉल मॉल आहे. अख्खी गल्ली तिथे खरेदीला जाते, मीही जाते. या गावाने बनवलं ते चालतं, मग मी ते वाचलं तर का चालत नाही?

पण आत्याचा प्रश्न एवढ्याने संपत नाही, हे मलाही कळतं. पूर्वी मी म्हणायचे, हा नुसता धातू आहे. तसं आता म्हणवत नाही. चिलखताला बाहेरून पडलेलं भोक लहान असतं. आतल्या बाजूने पोलादाचे कपचे उडतात, आणि आत चार-पाच माणसं बसलेली असतात. ते कपचे कसे उडतात हे मला आकडेमोडीसकट माहीत आहे. तरीही एखाद्या प्रदर्शनात उभा कापून ठेवलेला टंगस्टनचा गाभा बघितला की मला आधी आनंदच होतो, इतका तो आकार अचूक असतो. माणसं मागाहून आठवतात. हा क्रम मला आवडत नाही आणि तो बदलताही आलेला नाही. म्हणून मी माझ्याकडच्या प्रत्येक पुंगळीखाली चिठ्ठी लावते: ही तोफ कुठे होती, तिच्यामागे कोण होतं, समोर कोण होतं. नवरा म्हणतो, हे प्रायश्चित्त आहे. मी म्हणते, नोंद आहे. आमचं यावर एकमत झालेलं नाही.

एक मात्र नक्की. संग्राहक गेला की घरचे बहुतेक वेळा पितळ वजनावर मोडीत घालतात, आणि ते साल, तो शिक्का, ती टंचाई सगळं भट्टीत जातं. माझ्यामागे हे कुणाला द्यायचं ते ठरलेलं नाही. मोडीत घालू नकोस, एवढं मुलीला सांगून ठेवलंय. ती ‘बघू’ म्हणालीय.