बाबांच्या स्प्लेंडरला नवं मीटर लावलं त्याची गोष्ट

आमच्या घरी १९९९ सालची हिरो होंडा स्प्लेंडर आहे. बाबा म्हणतात, त्या वर्षी संत्र्याला भाव होता म्हणून घेतली. आई म्हणते, तिच्या पाटल्या मोडून घेतली. काहीही असो, एमएच २७ ची ही गाडी अजून पहिल्या-दुसऱ्या किकला चालू होते. मेलं होतं ते फक्त मीटर. काटा हलत नव्हता, काच पिवळी पडलेली, किलोमीटर ६८,४१२ वर थांबलेले, आणि न्यूट्रलचा हिरवा दिवा शेवटचा कधी पेटला ते कुणालाच आठवत नव्हतं.

माझं काम अडायचं ते त्या न्यूट्रलच्या दिव्यासाठी. अमरावती जिल्ह्यात वरुडकडची शेती, संत्र्याची बाग, आणि आमच्या फीडरला, म्हणजे शेताकडच्या विजेच्या वाहिनीला, एक आठवडा दिवसाची लाइन तर एक आठवडा रात्रीची. रात्री दोन वाजता विहिरीवर मोटर चालू करायला जायचं. एकदा अंधारात गाडी गिअरमध्ये आहे हे न कळता किक मारली, आणि गाडी मला घेऊन पाटात. गुडघा आठवडाभर सुजला होता. शिवाय आरसीची मुदत वाढवून घ्यायची होती, आणि तिथे इंडिकेटर-ब्रेकलाइटपासून सगळं पाहतात. म्हणून एप्रिलमध्ये बाराशे रुपयांचं डिजिटल मीटर मागवलं. त्यात स्पीड, आरपीएम (म्हणजे इंजिनाचे मिनिटाला फेरे), व्होल्टेज, घड्याळ आणि दिवे असं सगळंच होतं. सोबत नऊ वायरींचा झुबका आणि एक कागद, ज्यावरच्या सूचना बहुधा लिहिणाऱ्यालाही कळल्या नसाव्यात.

होंडाच्या वायरिंगचे रंग मला माहीत होते. हिरवी म्हणजे अर्थ, बॅटरीचा मायनस. लाल म्हणजे बॅटरीचा थेट प्लस. काळी म्हणजे चावी लावल्यावर येणारा प्लस. नारिंगी डावा इंडिकेटर, फिकट निळी उजवा, निळी अप्परची (हेडलाइटच्या लांबच्या झोताची), आणि फिकट हिरवीवर लाल रेघ असली की न्यूट्रल. हे पाठ करून मी एका रविवारी संध्याकाळी हेडलाइटचा डूम उघडला. आत बघतो तर चार वायरी मूळच्या, बाकी सगळ्या लाल. पंचवीस वर्षांत जितक्या मिस्त्र्यांचे हात लागले, त्यातल्या प्रत्येकाने त्या दिवशी हाताशी होती ती वायर जोडली होती. गाठी मारून वर चिकटपट्टी, आणि ती पट्टी आपल्या ४५ अंशांच्या उन्हात वितळून काळा गूळ झालेली.

मग मी टेस्ट लॅम्प घेतला, म्हणजे इंडिकेटरचा जुना बल्ब आणि त्याला दोन वायरी. एक टोक अर्थला, दुसरं एकेका लाल वायरीला. गाडी चालूच होती. एका वायरीवर बल्ब छान पेटला. मीटरचा प्लस तिथेच जोडला. स्क्रीन उजळली, मी खूश. चांगली रेस दिली तशी स्क्रीन फिकी पडली, आणि डूममधून जळक्या प्लास्टिकचा वास आला. बाराशे रुपये गेले.

दुसऱ्या दिवशी बाजारात रेडिओवाल्या काकांकडे मीटर घेऊन गेलो. आता त्यांच्याकडे रेडिओ कमी आणि सोलर पंपाचे कंट्रोलर जास्त येतात. त्यांनी मागचं झाकण उघडलं, नाक लावलं आणि विचारलं, "वायर कोणती देल्ली रे याले?" मी टेस्ट लॅम्पचं सांगितलं. काका हसले. "दिव्याले काय, एसी दे का डीसी दे, तो पेटतेच. मीटर पेटत नाही, जळते."

तिथे डोक्यात प्रकाश पडला. जुन्या स्प्लेंडरचा हेडलाइट बॅटरीवर नाही. तो मॅग्नेटोच्या, म्हणजे इंजिनासोबत फिरून वीज तयार करणाऱ्या भागाच्या, कॉइलवरून थेट एसीवर (दिशा उलटसुलट होणाऱ्या करंटवर) चालतो, म्हणून तर स्लोला मंद आणि रेस दिली की तेज होतो. बॅटरीवर, म्हणजे एकाच दिशेच्या डीसीवर, हॉर्न, इंडिकेटर, ब्रेकलाइट वगैरे. मी नेमकी हेडलाइटची वायर धरली होती. इंजिन बंद केलं की बल्ब विझत होता, हे तेव्हाच खटकायला हवं होतं. चावीचा प्लस असता तर इंजिन बंद असतानाही चावीवर पेटला असता. काकांनी व्होल्टेज मोजायचा स्वतःचा मल्टिमीटर दोन दिवस वापरायला दिला. घरी येऊन एकेक वायर आधी डीसीवर, मग एसीवर मोजली आणि प्रत्येकीला कागदाची चिठ्ठी बांधली. हेडलाइटच्या वायरीवर डीसीला वेडेवाकडे आकडे, एसीला मात्र तेरा-साडेतेरा व्होल्ट. खरी काळी वायर इग्निशनच्या कपलरजवळ सापडली: चावी फिरवली की १२.४, चावी काढली की शून्य. सगळ्या कामात हे दोन तासच खरे कामाचे होते.

दुसरं मीटर साडेआठशेचं घेतलं, त्याच्यात इंडिकेटरचा बाण एकच आणि त्याला वायरही एकच. पहिल्यांदा नारिंगी आणि फिकट निळी दोन्ही त्या वायरीला एकत्र जोडल्या. डावा दिला तर चारही इंडिकेटर लुकलुकायला लागले, कारण डाव्याचा करंट त्याच जोडातून उजव्यात शिरत होता. काकांकडून १एन४००७ चे दोन डायोड आणले, करंट एकाच दिशेने जाऊ देणारे, रुपया-दोन रुपयांचे. एक नारिंगीत, एक फिकट निळीत, दोघांचीही पांढरी रेघ मीटरच्या बाजूला. आता करंट मीटरकडे जातो, पण पलीकडे उतरत नाही.

न्यूट्रलने एक संध्याकाळ खाल्ली. गाडीची न्यूट्रल वायर प्लस देतच नाही; न्यूट्रलमध्ये इंजिनमधलं स्विच तिला अर्थ करतं, एवढंच. मीटरला मात्र प्लस हवा होता. मी ती भानगड सोडली, पॅनलला ड्रिलने एक भोक पाडलं आणि वेगळी हिरवी एलईडी बसवली. लांब पाय एक किलोओहमच्या रेझिस्टरमधून काळ्या वायरीला, आखूड पाय न्यूट्रलच्या वायरीला. मीटरपेक्षा मला हीच एलईडी जास्त आवडते.

अप्परची निळी वायर एसीच, म्हणून तिच्यातही डायोड टाकला. स्लोला तो दिवा थरथरतो, रेसला स्थिर होतो. चालतं. आरपीएमची वायर प्लगच्या वायरीला चार वेढे देऊन बांधली, तर स्लोलाच २८०० दाखवलं, कारण या इंजिनात क्रँकच्या प्रत्येक फेऱ्याला ठिणगी पडते आणि मीटर दोन फेऱ्यांना एक धरून बसलं होतं. सेटिंग बदलल्यावर चौदाशेवर आलं. आरपीएम बघून शेतात कोण जातं हा प्रश्न आहेच. पेट्रोलचा काटा टाकीतल्या फ्लोटशी जुळेना, ती वायर टेपून ठेवली. टाकीखाली रिझर्व्हची चावी आहे ना. घड्याळासाठी एक वायर थेट बॅटरीला मागत होतं. पण बॅटरी अडीच अँपिअर-तासांची, हंगाम नसला की गाडी दहा-दहा दिवस उभी. म्हणून तीही काळीलाच दिली. चावी लावली की रोज बारा वाजतात. किलोमीटर तेवढे लक्षात ठेवतं.

सगळे जोड सोल्डर करून वर हीट श्रिंक स्लीव्ह (तापवली की आवळून बसणारी नळी) चढवली, आणि मीटरच्या प्लसला दोन अँपिअरचा वेगळा फ्यूज. पुन्हा काही जळलं तर दहा रुपयांचं जळू दे.

स्पीडसाठी पुढच्या चाकाला चुंबक आणि फोर्कला सेन्सर. मीटरला चाकाचा घेर मिलिमीटरमध्ये सांगावा लागतो. अंगणात टायरवर आणि फरशीवर खडूची खूण केली, बाबांना गाडीवर बसवलं, कारण माणूस बसला की टायर दबतो आणि घेर थोडा कमी भरतो, आणि एक पूर्ण फेरा ढकललं. १८४ सेंटिमीटर. १८४० टाकलं आणि मोर्शी रोडला किलोमीटरच्या दगडांवर ताडून पाहिलं. दहा किलोमीटरला जेमतेम शंभर मीटरचा फरक.

मे महिन्यात वेगळीच गंमत. दुपारी बाजारात गाडी उन्हात लावली की स्क्रीन पूर्ण काळी पडते, एक आकडा दिसत नाही. पहिल्यांदा पोटात गोळा आला होता. सावलीत पंधरा मिनिटांत परत येते. आता दुपट्टा टाकून ठेवतो.

व्होल्टेजचा मात्र खरा उपयोग झाला. एका सकाळी चावी लावल्यावर ११.८ दिसलं आणि गाडी चालू केल्यावरही १३ च्या वर जाईना. बॅटरी गेली होती. एरवी हॉर्नचा आवाज बसल्यावर कळलं असतं.

जुलैत पेरणीच्या गडबडीत काळ्या मातीचा चिखल मडगार्डमध्ये असा ठासला की चुंबक कुठे उपटून गेलं पत्ता लागला नाही. मी आपला गाडी हाकत बागेत पोचलो, मीटरवर शून्य. बाबा बांधावर उभे होते. त्यांनी वाकून स्क्रीन पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं.

"झिरोवर चालून राह्यली, अन् तू एवढ्या लवकर पोचला कसा बे?"