नोकरी लागल्यानंतरची सोबत : माझा अनुभव

बॉर्डरलाइन व्यक्तिमत्त्व विकाराचं (भावना आणि नाती सांभाळणं अवघड करणाऱ्या मानसिक आजाराचं) निदान झालं तोवर माझ्या बायोडेटात नोकऱ्या भरपूर जमल्या होत्या, टिकलेली एकही नव्हती. मुलाखतीत मी चांगली बोलते, काम पटकन शिकते. गाडी अडायची ती वरिष्ठांच्या पहिल्या तुटक उत्तरापाशी. 'आपण इथे कुणालाच नको आहोत' असं एकदा मनाने घेतलं की जेवण-झोप उडायची आणि दोन ओळींचा राजीनामा जायचा. त्यामुळे थेरपिस्टने सपोर्टेड एम्प्लॉयमेंट, म्हणजे मानसिक आजार असलेल्यांना नोकरी शोधायला आणि टिकवायला मदत करणारी सेवा, सुचवली तेव्हा मी एवढंच विचारलं, नोकरी लागल्यावर तुमची माणसं असतात का?

असतात, आणि तेच या पद्धतीचं बळ आहे. त्या सेवेत आयपीएस (इंडिव्हिज्युअल प्लेसमेंट अँड सपोर्ट) नावाच्या पद्धतीने काम चाले. डेबोरा बेकर आणि रॉबर्ट ड्रेक यांनी ती १९९०च्या दशकात अमेरिकेत घडवली. आधी पूर्ण बरे व्हा, मग प्रशिक्षण घ्या, मग नोकरीचं बघू, हा जुना क्रम तिने मोडला. काम करायची इच्छा हीच पात्रता. निदानावरून कुणाला दारातून परत पाठवायचं नाही. नोकरीही खुल्या बाजारातली, नेहमीच्या पगाराची. शोध लगेच सुरू होतो, साधारण ३० दिवसांत एखाद्या नोकरी देणाऱ्याशी प्रत्यक्ष गाठ पडावी अशी अपेक्षा असते. एका रोजगार सल्लागाराकडे २० पेक्षा जास्त माणसं द्यायची नाहीत, म्हणजे प्रत्येकाला वेळ मिळतो.

ही पद्धत मुळात स्किझोफ्रेनियासारख्या आजारांसाठी उभी राहिली. आमचं दुखणं निराळं, ते माणसामाणसांमधल्या नात्यात उफाळतं. संशोधक मेरी झनारिनी यांनी बॉर्डरलाइनच्या रुग्णांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, त्यात लक्षणं बहुतेकांची ओसरलेली दिसली, पण नोकरीधंद्यात बस्तान बसणं मागे राहिलं. हे वाचलं तेव्हा मला धीर आला. मी आळशी नव्हते, ही खरोखरच अवघड जागा होती.

माझ्या सल्लागार मॅडमनी निदानाबद्दल फारसं विचारलंच नाही. जुनी प्रत्येक नोकरी नेमकी कुठल्या वाक्यावर सुटली, ते त्यांनी माझ्याकडून लिहून घेतलं. कागद भरल्यावर दिसलं की कामाचा बोजा कुठेच आड आलेला नव्हता. 'नंतर बोलू' यासारखी अर्धवट वाक्यं आली होती. त्यावरून कामाचा प्रकार ठरला : नोंदी तपासण्याचं काम, रोजचं उद्दिष्ट ठरलेलं, वरिष्ठ एकच.

मग आला सगळ्यात नाजूक प्रश्न, ऑफिसात काय सांगायचं. निर्णय पूर्णपणे माझा होता आणि माझ्या संमतीशिवाय मॅडम तिथे फोनही करणार नव्हत्या. आजाराचं नाव सांगायचं नाही, गरज सांगायची, असं मी ठरवलं. आम्ही ते वाक्य मोठ्याने म्हणून घासूनपुसून घेतलं : 'सूचना लेखी मिळाल्या आणि कामाबद्दलचं मत आठवड्यातून एकदा ठरल्या वेळी कळलं, तर माझं काम जास्त चांगलं होतं.' वरिष्ठांनी मान डोलावली. एवढ्यावर भागलं.

खरी कसोटी पुढे लागली. सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी वरिष्ठांचा मेसेज आला, 'परवा जरा भेटा.' छातीत धडधडायला लागलं, बोटं राजीनामा टाइप करू लागली. आमचं आधीच ठरलं होतं : राजीनामा लिहावासा वाटला तर जरूर लिहायचा, पण पाठवण्यापूर्वी मधे एक रात्र जाऊ द्यायची आणि मॅडमना कळवायचं. मी कळवलं. त्यांनी समजूत घातली नाही. मेसेजमध्ये शब्दशः काय लिहिलंय आणि त्यात मी काय भरलंय, हे दोन्ही वेगवेगळं लिहा म्हणाल्या. डीबीटीच्या (डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी, तीव्र भावना हाताळायला शिकवणारी उपचारपद्धती) गटात मी हेच शिकत होते, फक्त तिथली उदाहरणं दुसऱ्याची असायची. मॅडम माझ्या थेरपिस्टबरोबर दर आठवड्याच्या बैठकीला बसत, म्हणून त्यांच्या तोंडी तीच भाषा होती. माझ्या मते सगळ्यात मोलाचं हेच. उपचार एकीकडे आणि नोकरीची मदत दुसरीकडे असती, तर त्या रात्री दोघांनी मला दोन सल्ले दिले असते.

भेट नोंदवहीच्या नव्या नमुन्याबद्दल होती.

नोकरी चालू आहे. मॅडमशी बोलणं आता विरळ झालंय. तेही अचानक तोडलं नाही. कधी आणि किती कमी करायचं हे आम्ही मिळून ठरवलं, कारण सोडून दिल्याची भावना हीच आमची दुखरी नस. पुढचा विषय कामाचे तास वाढवून घेण्याचा आहे.

अशी मदत घ्यायचा विचार करणाऱ्यांनी पहिल्याच भेटीत तीन गोष्टी विचारून घ्या. नोकरी लागल्यावर सोबत किती काळ असते? सल्लागार तुमच्या उपचार करणाऱ्यांना नियमित भेटतात का? आणि तुमच्याबद्दल ऑफिसात काय सांगायचं, हे कोण ठरवतं? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'तुम्ही' असं मिळालं नाही, तर दुसरीकडे चौकशी करा.