पंखावरचा एक ठिपका

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी अंकासाठी लिहायला बसलो आणि परीक्षा, बक्षिसं, स्नेहसंमेलन सगळं बाजूला राहिलं. आठवली ती डोंगराची पायवाट. आठवीत असताना पाऊस सरला की विज्ञानाच्या बाई आम्हाला फुलपाखरं बघायला न्यायच्या.

पहिल्यांदा आम्ही भल्या पहाटे निघालो. वर पोचलो तर एकही फुलपाखरू नाही. बाई म्हणाल्या, "थांबा, अजून त्यांचं अंग गार आहे." फुलपाखरांना स्वतःची ऊब फारशी नसते, उन्हात तापल्याशिवाय त्यांना धड उडता येत नाही, हे तेव्हा कळलं. ऊन खडकावर आलं तशी एकेक येऊन पंख पसरून ऊन खात बसली. मग आम्ही जे धावत सुटलो!

बाईंनी हाक मारून बोलावलं. "फुलपाखरामागे धावू नका. रुई कुठे आहे ते बघा." रुईचं पान उलटलं की खाली टाचणीच्या डोक्याएवढं एकच पांढुरकं अंडं असायचं. एखाद्या पानावर काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांची अळी, अंगावर काळ्या शिंगांच्या तीन जोड्या. ही 'प्लेन टायगर' या फुलपाखराची पोरं. रुईच्या चिकातलं विष त्यांच्या अंगात साठतं, म्हणून ती आपलं रूप लपवत नाहीत. एकदा चव घेतलेला पक्षी पुन्हा सहसा त्या वाटेला जात नाही.

बाईंचं सांगणं कळत होतं, पण हात स्वस्थ बसेना. दुसऱ्या फेरीत घाणेरीच्या झुडपावर एक नारिंगी फुलपाखरू बसलेलं दिसलं आणि मी चिमटीत धरलं. धावत बाईंकडे गेलो. "बाई, प्लेन टायगर!" बाईंनी आधी ते सोडायला लावलं. ते वेडंवाकडं उडत जवळच्याच पानावर टेकलं. माझ्या बोटांवर नारिंगी भुकटी राहिली होती.

"हे त्याच्या पंखावरचे खवले," बाई म्हणाल्या. "गेलेले परत येत नाहीत." रागावल्या नाहीत. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मला पुढे कितीतरी दिवस वाटत राहिलं.

मग त्यांनी मला त्या पानापाशी बसवलं. "मागच्या पंखावर मधे काळे ठिपके किती?" एकच होता, तोही वरच्या कडेला. प्लेन टायगरच्या नराला चार असतात, मादीला तीन. माझ्या हातात आलेली होती 'डॅनाइड एगफ्लाय'ची मादी. तिच्या अंगात विष नाही, पण रूप मात्र विषारी फुलपाखराचं. पक्षी फसतात, म्हणून ती वाचते. तिचा नर अगदीच वेगळा, काळाभोर, पंखांवर मोठे पांढरे डाग. अंडी घालायला तिला रुई चालत नाही, ती घोळ ही रानभाजी शोधते. पक्ष्यांपासून जिला हे सोंग वाचवत होतं, तिला मी धरलं होतं, हे मला अजून बोचतं.

त्यानंतर मी फुलपाखराला हात लावलेला नाही. बसायला शिकलो. ओढ्याच्या काठी ओल्या मातीवर पिवळीपांढरी फुलपाखरं दाटीवाटीनं सोंडा खुपसून बसत. तिथे आम्ही दहाबारा जणं श्वास रोखून उकिडवे बसायचो. त्यांत बहुतेक नरच असतात आणि चिखलातले क्षार शोषून घेतात, हेही बाईंनीच सांगितलं. पायाला मुंग्या यायच्या तरी कुणी हलायचं नाही.

परतल्यावर प्रत्येकानं एका मोठ्या वहीत लिहायचं: तारीख, वेळ, ऊन की ढग, कोणती वनस्पती, कोणतं फुलपाखरू. त्या दिवशी मी 'प्लेन टायगर' लिहून खोडलं होतं. शेजारी बाईंनी लाल शाईनं बारीक अक्षरात लिहिलं, 'एक ठिपका. स्वतः मोजला.'

प्रयोगशाळेच्या कपाटात ती वही अजून असेल, तर महोत्सवाच्या दिवशी ती सगळ्यांना बघता येईल अशी टेबलावर ठेवावी, एवढी शाळेला विनंती आहे.